निवेदनाचे ९६ हजार आणि पाच लाखांची रेघ

हे प्रकरण नाशिकच्या एका पगारदार माणसाचं आहे. खासगी कंपनीत स्टोअर्सला नोकरी, आणि शनिवार-रविवारी, लग्नसराईत लोकांच्या संगीताचं, हळदीचं, साखरपुड्याचं निवेदन. त्याला विचारून लिहितेय, आकडे गोल केलेत, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. मी टॅक्सचं काम करते, जुलै-ऑगस्टमध्ये असे लोक येतातच, कोणी केक करून विकतं, कोणी मेंदी काढतं, कोणी कुठे लेक्चर देऊन मानधन घेतं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की एवढेसे पैसे, दाखवायलाच पाहिजेत का. बहुतेकांना उत्तर सोपं जातं कारण दाखवले तरी टॅक्स हजार-दोन हजारांच्या पुढे जात नाही. याच्या केसमध्ये मात्र खरं बोललं तर पंधरा हजारांचा फटका बसत होता आणि अर्धं लपवलं तर उलट रिफंड येत होता. म्हणून ही केस सगळी लिहून काढतेय.

आधी पगार. वर्ष २०२४-२५, म्हणजे असेसमेंट इयर २०२५-२६. महिना ७० हजार, वर्षाचे ८,४०,०००. घराचं लोन चालू, व्याजच दोन लाखांच्या वर जातं, पीएफ आणि लोनचं मुद्दल मिळून ८०सी चे, म्हणजे ठरावीक बचत-खर्चाच्या वजावटीचे, दीड लाख आरामात भरतात, त्यामुळे कंपनीत एप्रिललाच त्याने ओल्ड रिजीम, म्हणजे या वजावटी मिळणारी जुनी करपद्धत, निवडलेली. आता वजाबाकी करत या. स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार आणि प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० गेले की राहिले ७,८७,५००. त्यातून घराच्या व्याजाचे दोन लाख (राहत्या घराला तेवढेच मिळतात, भरलं कितीही असलं तरी), मग ८०सी चे दीड लाख, मग स्वतःच्या आणि बायको-मुलांच्या मेडिक्लेमचा हप्ता २० हजार. उरले ४,१७,५००. ओल्ड रिजीममध्ये करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असलं तर ८७ए चा रिबेट (टॅक्समधली सूट) मिळून टॅक्स शून्य होतो, म्हणून कंपनीने वर्षभर एक रुपया कापला नव्हता. इतकी वर्षं तो स्वतःच मोबाइलवर आयटीआर-१ हा साधा रिटर्नचा फॉर्म भरायचा, सगळं आधीच भरून आलेलं असायचं, ओटीपी टाकला की झालं.

निवेदन आधी फुकटच चालायचं. मित्रांची लग्नं, सोसायटीचा गणपती, कोजागिरी. आवाज भारदस्त आहे आणि अहिराणी किस्से असे सांगतो की म्हातारी माणसंही जेवणाचं पान सोडून ऐकत बसतात. २०२४ च्या मे महिन्यात एका लग्नात एका इव्हेंटवाल्याने त्याला ऐकलं आणि तिथून पैसे सुरू झाले. वर्षभरात दहा-बारा कार्यक्रम झाले. त्यातले मोठे कार्यक्रम इव्हेंट कंपनीचे, त्यांचं मानधन ४२ हजार, पण हातात आले ३७,८००, कारण त्यांनी कलम १९४जे खाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच सरकारकडे भरायचा टॅक्स, कापला. एका पार्टीकडून वर्षाला ३० हजारांच्या वर गेलं की कापायचा, असा त्या वर्षीचा नियम होता, २०२५-२६ पासून ती मर्यादा ५० हजार झालीये. घरगुती लग्नांचे ३१ हजार जीपेवर आले, कधी नवरीच्या भावाकडून कधी कुणाच्या काकांकडून, मेसेजमध्ये "अँकर" नाही तर नुसता नमस्काराचा हात. आणि २३ हजार रोख, पाकिटात. एक रुपयाचं नाणं चिकटवलेली लाल-सोनेरी पाकिटं असतात ना तीच, आत २,१०१ किंवा ५,००१. ती सगळी रिकामी पाकिटं त्याने एका पिशवीत ठेवलेली होती, मागे पेनाने गाव आणि तारीख लिहून. आमच्या ऑफिसात लोक काय काय आणतात ते मी बघितलंय, पण इतकं इमानदार रेकॉर्ड एखाद्या दुकानदाराकडेही मिळत नाही.

एकूण ९६ हजार.

तो आला तो घाबरून. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे डिपार्टमेंटकडे आलेल्या आपल्या व्यवहारांची यादी, उघडलं तर त्यात इव्हेंट कंपनीचं नाव, ४२ हजार आणि कापलेले ४,२०० असं सगळं दिसत होतं. "ताई, हे यांना कसं कळलं, मी तर कुणाला सांगितलंच नाही." अरे बाबा, तू नाही सांगितलंस, कंपनीने सांगितलं. तुझा पॅन घेऊनच त्यांनी टीडीएस भरला, दर तीन महिन्यांनी त्यांना टीडीएसचं रिटर्न टाकावं लागतं, त्यात तुझी ओळ असते, तीच २६एएस (कापलेल्या टॅक्सचा उतारा) मध्ये आणि एआयएसमध्ये येते. पण घाबरण्यापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या बरोबरच्या एकाने डोक्यात घातली होती, आणि ती म्हणजे, जेवढं एआयएसमध्ये दिसतंय तेवढंच दाखव.

हा सल्ला तुम्ही पण ऐकला असेल. आणि खोटं कशाला बोलू, आकड्यांच्या दृष्टीने तो सल्ला त्या माणसासाठी अगदी फिट बसत होता. ४,१७,५०० मध्ये फक्त दिसणारे ४२ हजार मिळवले तर ४,५९,५००, पाच लाखांच्या आत, टॅक्स शून्य, कापलेले ४,२०० परत. जीपेचे आणि पाकिटातले ५४ हजार पण मिळवले तर ५,१३,५००. झालं, रेघ ओलांडली.

ही रेघ फार वाईट आहे आणि ओल्ड रिजीममधल्या कितीतरी पगारदारांना ती माहीतच नसते. नवीन रिजीममध्ये (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) रिबेटची मर्यादा थोडीशी ओलांडली तर मार्जिनल रिलीफ असतो, म्हणजे वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त टॅक्स लागत नाही. जुन्यात तसलं काही नाही. पाच लाखाला टॅक्स शून्य, आणि पाच लाख दहा रुपयाला तेरा हजार. रिबेट सगळाच्या सगळा जातो, अडीच ते पाच लाखांचे पाच टक्के म्हणजे १२,५०० पूर्ण बसतात आणि वरच्या रकमेला वीस टक्के, वर सेस (टॅक्सवरचा उपकर) चार टक्के. याच्या ५,१३,५०० वर हिशोब आला १५,८१० रुपये. म्हणजे न दिसणारे ५४ हजार खरे सांगितले म्हणून त्यावर जवळपास २९ टक्के गेले, म्हणजे ओल्ड रिजीममध्ये दहा लाखांच्या वरच्या रकमेला लागतो त्या तीस टक्के दराच्या जवळपास. ४,२०० टीडीएस वजा केला तरी खिशातून ११,६१० भरायचे, वर दहा हजारांच्या पुढे गेल्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत हप्त्याने भरायचा) न भरल्याचं व्याज वेगळं.

मी हा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो बराच वेळ आकडे बघत बसला आणि मग एकदम म्हणाला, "पण ताई, पाकिटातले तर गिफ्टच की, गिफ्टला पन्नास हजारांपर्यंत टॅक्स नसतो ना?" डोकं चांगलं चालतं त्याचं. पण नाही. बाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांपर्यंतची भेट टॅक्सफ्री असते हे बरोबर, पण भेट म्हणजे बदल्यात काही न करता मिळालेली. तू तीन तास उभं राहून घसा फोडलास म्हणून मिळालं ती बिदागी, पाकिटावर कुंकू लावलं म्हणून तिची भेट होत नाही. शाल-श्रीफळ मिळालं ते सोड, त्याच्या मागे मी पण लागत नाही.

एआयएसबद्दल पण त्याला सांगावं लागलं. त्या यादीत काय येतं? ज्यांच्यावर कळवायची सक्ती आहे त्यांनी कळवलेलं. बँकेचं व्याज, टीडीएस, शेअर-म्युच्युअल फंड, डिव्हिडंड, सेव्हिंग खात्यात वर्षात दहा लाखांच्या वर रोख भरणा, असलं. कुणाच्या काकांनी जीपे केलेले चार हजार तिथे येत नाहीत. म्हणून ते उत्पन्न नाही असं थोडीच होतं, उत्पन्न किती हे तुझ्या पाकिटांनी आणि पासबुकाने ठरतं, एआयएस फक्त डिपार्टमेंटला आत्तापर्यंत काय काय कळलंय तेवढं सांगतं. आणि पुढे कधी स्क्रूटिनीत (रिटर्नच्या सखोल तपासणीत) बँक स्टेटमेंट मागितलं तर ते जीपे सगळे ओळीने छापलेले असतात. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर त्या टॅक्सच्या दोनशे टक्के दंड लावता येतो, साधं कमी दाखवलं असेल तर पन्नास टक्के. पकडला गेला असता का? मला नाही वाटत कुणी ५४ हजारांसाठी त्याच्या दारात आलं असतं. पण मी सही करून देणाऱ्या कामात "कोण बघतंय" हा मुद्दा आणत नाही, आणि पाकिटांच्या मागे तारखा लिहिणारा माणूस स्वतःही त्या रस्त्याने जाणारा नव्हता. त्याला फक्त पंधरा हजार जड जात होते, आणि ते कुणालाही जडच जातील.

मग पुढचा प्रश्न, हे ९६ हजार दाखवायचे कुठल्या हेडखाली, म्हणजे उत्पन्नाच्या कुठल्या प्रकारात. इथे प्रत्येकाचा एक मित्र असतो जो म्हणतो ४४एडीए लाव, निम्मं उत्पन्न दाखवायचं, बिलं नको, वह्या नको. निम्मे म्हणजे ४८ हजार, एकूण ४,६५,५००, टॅक्स शून्य. ऐकायला गोड. पण ४४एडीए हे ठरावीक पेशांसाठी आहे, वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टंट, इंटिरिअर डेकोरेटर, आणि नंतर नोटिफाय झालेले फिल्म आर्टिस्ट, कंपनी सेक्रेटरी, आयटीवाले वगैरे. फिल्म आर्टिस्ट म्हणजे सिनेमाच्या निर्मितीत काम करणारा नट, गायक, दिग्दर्शक असे. हळदीत माइक धरणारा त्या यादीत कुठेच बसत नाही. इव्हेंट कंपनीने टीडीएस १९४जे म्हणजे प्रोफेशनल फीच्या कलमाखाली कापला म्हणून तो आपोआप ४४एडीए वाला होत नाही, ही गल्लत इतकी कॉमन आहे की विचारू नका. टीडीएस कापणाऱ्याने त्याच्या समजुतीने कलम लावलेलं असतं.

दुसरा रस्ता ४४एडी, धंदा म्हणून दाखवायचं. डिजिटल जमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा धरायचा. ७३ हजारांचे ४,३८० आणि २३ हजारांचे १,८४०, म्हणजे ९६ हजार कमावून नफा ६,२२०! टॅक्स अर्थातच शून्य. माझ्या ओळखीतले दोन-तीन सीए हेच करून देतील आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही, यादीत नसलेलं काम धंदा म्हणून ४४एडी मध्ये घ्यायला वाव आहे. पण मला ते पटलं नाही. एक तर ज्या कामात माल नाही, दुकान नाही, सगळं भांडवल म्हणजे स्वतःचा गळा, तिथे ९६ हजारात ९० हजार खर्च झाले असं कागदावर आणायचं, आणि कलमात तर सरळ लिहिलंय की सहा-आठ टक्के किंवा त्याहून जास्त मिळाल्याचं सांगितलं असेल तर ते. दुसरं म्हणजे एकदा ४४एडी धरून पाच वर्षांच्या आत सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची होती, ती रिजीमची.

नुसता पगार असलेल्या माणसाला दर वर्षी रिटर्न भरतानाच ठरवता येतं, यंदा जुनी, पुढच्या वर्षी नवी, परत जुनी. रिटर्नमध्ये धंदा-व्यवसायाचं उत्पन्न आलं, मग ते सहा हजार का असेना, की ही मोकळीक गेली. ओल्डमध्ये राहायचं तर ड्यू डेटच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरायचा, आणि एकदा त्यातून बाहेर पडून नव्यात गेलं की धंद्याचं उत्पन्न आहे तोपर्यंत पुन्हा जुन्यात यायचं दार बंद. वीस वर्षांचं लोन डोक्यावर असलेल्या माणसाने चार लग्नांच्या निवेदनापायी ही किल्ली पहिल्याच वर्षी का वापरून टाकायची? लोक टॅक्स वाचतोय म्हणून आयटीआर-४ (४४एडी, ४४एडीए वाल्यांचा फॉर्म) टाकून मोकळे होतात, १०-आयईए चं नावही ऐकलेलं नसतं, आणि मग नव्या रिजीमने हिशोब होऊन डिमांड (टॅक्स भरायची मागणी) येते तेव्हा धावत येतात.

तिसरा रस्ता मी घेतला तो म्हणजे इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस, मराठीत इतर स्रोत. पहिलंच वर्ष, ठरलेला रेट नाही, जाहिरात नाही, इन्स्टावर पेज नाही, बोलावलं तर जायचं. नियमित, ठरवून, नफ्यासाठी चालवलेलं काम असेल तर ते धंदा-व्यवसायातच जातं, पण हे अजून तिथपर्यंत पोचलेलं नव्हतं असं माझं मत. हे मतच आहे, कायद्यात इतके कार्यक्रम झाले की धंदा असा आकडा नाही.

अदर सोर्सेसमध्ये कमाईसाठी झालेला खर्च वजा मिळतो, कलम ५७ खाली, पण तो खर्च पूर्णपणे त्याच कमाईसाठी झालेला पाहिजे आणि भांडवली नको. आणि एक फॉर्मची गोम. आयटीआर-१ मध्ये हा खर्च वजा करायला जागाच नाही, फॅमिली पेन्शनवाल्यांची वजावट सोडली तर. ५७ चा खर्च घ्यायचा म्हटलं की आयटीआर-२. म्हणजे त्याचं मोबाइलवरचं ओटीपी टाकून मोकळं व्हायचं रिटर्न तिथेच संपलं.

खर्चाची यादी त्याने लगेच करून आणली, एकूण २६,५००. मी वाचली आणि हसले, कारण २६,५०० वजा गेले तर उत्पन्न बरोबर ४,८७,००० होतं, त्याने घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसून काम केलेलं दिसत होतं. यादी अशी: जोधपुरी सूट ६,५००, कॉर्डलेस माइक ८,५००, मोबाइलचा वर्षाचा रिचार्ज ३,६००, प्रवास ५,४००, आणि ज्या पोराने तीन लग्नं मिळवून दिली त्याला दिलेले २,५००. एकेक घेतलं. जोधपुरी त्याने स्वतःच्या मेहुण्याच्या लग्नात पण घातली होती, फोटो मी बघितलेत, ती गेली. माइक ही वस्तू, वर्षानुवर्षं चालणारी, भांडवली खर्च. धंद्याच्या हेडखाली असता तर १५ टक्के घसारा मिळाला असता, १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्याच्या निम्मा, पण इथे तो पण नाही. रिचार्ज घरचाच, त्यातला किती निवेदनाचा हे तो सांगू शकला नाही, मग तो पण गेला. राहिला प्रवास, तो अस्सल होता, धुळे आणि जळगावला भाड्याने गाडी केल्याची बिलं, संगमनेरला लालपरीने गेला त्या तिकिटांचे फोटो. आणि पोराला दिलेले २,५०० जीपेवर दिसत होते. सगळे मिळून ७,९००.

"ताई, तुम्ही माझ्या बाजूने आहात का त्यांच्या?" असं म्हणाला. रागावून नाही, पण म्हणाला.

९६,००० वजा ७,९०० म्हणजे ८८,१००. पगाराचे ४,१७,५०० मिळवून ५,०५,६००. रेघेच्या वर फक्त ५,६०० आणि त्यापायी टॅक्स १४,१६०. टीडीएस वजा जाऊन ९,९६० भरायचे, दहा हजारांच्या आत म्हणून ॲडव्हान्स टॅक्सचं व्याज तरी वाचलं.

इथे बऱ्याच जणांचा हात सुटतो. ५,६०० च तर पाहिजेत, घाला पेट्रोल म्हणून. मी त्याला म्हटलं खर्च वाढवत बसण्यापेक्षा डिडक्शन तपासू, कंपनीला तू दिलेल्या कागदांच्या बाहेर वर्षभरात काय काय भरलंस ते सांग. मुलांची शाळेची फी? ती ८०सी मध्ये जाते आणि ते भरलेलंच आहे. देणगी? पाचशेची एक, पावती हरवलेली. सेव्हिंगचं व्याज तीन-चार हजार होतं, ते उत्पन्नात धरायचं आणि ८०टीटीए मध्ये तेवढंच वजा, जमाखर्च बरोबर. आईवडील? वडील सत्तरीला टेकलेले, त्याच्याकडेच राहतात, बीपी-शुगर दोन्ही, मेडिक्लेम नाही कारण त्या वयात हप्ता ऐकूनच सोडून दिलेला. औषधं कोण आणतं? "मीच, दर महिन्याला."

हेच सुटलेलं होतं. ८०डी म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता एवढंच लोकांना माहीत असतं. पण आई किंवा वडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या औषधोपचारावर मुलाने केलेला खर्च पण ८०डी मध्ये मिळतो, ५० हजारांपर्यंत, आपल्या स्वतःच्या हप्त्याच्या २५ हजारांच्या मर्यादेशिवाय वेगळा. अट एकच महत्त्वाची, पैसे रोख दिलेले चालत नाहीत. एचआरच्या डिक्लेरेशनच्या फॉर्ममध्ये प्रीमियमचा रकाना बघून लोक पुढे सरकतात आणि हे राहून जातं.

तो घरी गेला आणि मेडिकलवाल्याकडून वर्षाची बिलं काढून आणली, त्याच्याकडे कॉम्प्युटरवर सगळं होतं. एक डोळ्याची तपासणी, दोनदा लॅब. एकूण १७ हजार झाले. त्यातले ५,६०० रोख दिलेले, ते काढून टाकले. योगायोग बघा, रेघेच्या वर पण नेमके ५,६०० च होते, तो म्हणालाच की हे पण धरा ना. नाही धरले. यूपीआयने त्याच्या खात्यातून गेलेले ११,४००, बिल आणि बँकेची ओळ एकेक जुळवून. ५,०५,६०० मधून ११,४०० गेले, राहिले ४,९४,२००. रेघेच्या आत, रिबेट पूर्ण, टॅक्स शून्य, ४,२०० परत.

म्हणजे ५४ हजार लपवून जो रिफंड आला असता, सगळं दाखवून पण तोच आला. असं दर वेळी जमेल असं अजिबात नाही, वडिलांची औषधं रोखीने आणली असती तर त्याने ९,९६० भरलेच असते आणि मी भरायलाच लावले असते.

भरताना अजून एक शंका निघाली, कंपनीला कळेल का. त्याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरं काम परवानगीशिवाय करू नये असली ओळ होती. रिटर्न आणि एआयएस कंपनीला दिसत नाही. स्वतःहून कंपनीला सांगून पगारातून जादा टीडीएस कापून घ्यायची सोय कायद्यात आहे, तसं केलं तर कळणारच, याने केलं नव्हतं. पण लेटरमधली ओळ हा त्याचा आणि कंपनीचा प्रश्न, टॅक्सशी तिचा संबंध नाही, परवानगी नाही म्हणून उत्पन्न दाखवायचं नाही असं होत नाही. मी त्याला एचआरशी बोलून घे म्हटलं, तो बोलला का ते मी विचारलं नाही.

तारखेचं मात्र मी त्याच्या मागे लागले. त्या वर्षी फॉर्म उशिरा आले म्हणून ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली होती, शेवटी पोर्टलच्या गर्दीत अजून एक दिवस मिळाला. पगारदाराला ओल्ड रिजीम पाहिजे असेल तर रिटर्न मुदतीच्या आतच गेलं पाहिजे, उशीर झाला की नवी रिजीम सक्तीची. त्याच्या केसमध्ये घराचं व्याज, ८०सी, ८०डी सगळं उडून, सेव्हिंगचं व्याज न धरताही, ८,५३,१०० वर टॅक्स बसला असता ३६,७२० आणि वर पाच हजार लेट फी. लोक लेट फीला घाबरतात, खरा मार रिजीमचा असतो. ऑगस्टच्या शेवटी आम्ही भरून टाकलं. आयटीआर-२ मध्ये अदर सोर्सेसच्या शेड्यूलमध्ये ९६ हजार पूर्ण दाखवले, खाली ५७ चे ७,९०० वजा. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये इव्हेंट कंपनीच्या ओळीपुढे ४२ हजार आणि हेड अदर सोर्सेस, हे जुळलं नाही तर डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस येते, टीडीएस मागितला पण उत्पन्न दाखवलं नाही म्हणून. त्या वर्षीपासून मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर आणि लोनचा अकाउंट नंबर पण फॉर्ममध्ये विचारायला लागले, ते त्याला व्हॉट्सॲपवर मागवून घेतले. आधार ओटीपीने तिथेच ई-व्हेरिफाय केलं, ते तीस दिवसांच्या आत केलं नाही तर व्हेरिफाय केलं तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, आणि केलंच नाही तर रिटर्न भरलं असं धरत नाहीत. काही आठवड्यांनी १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून झाल्याची सूचना) आली, आकडे जसेच्या तसे मान्य, आणि रिफंड खात्यात. बिलं, तिकिटांचे फोटो, मेडिकलचं स्टेटमेंट सगळं एका फोल्डरमध्ये त्याच्याकडे आहे, पाकिटांची पिशवी पण फेकायची नाही असं बजावलंय.

२०२५-२६ मध्ये गोष्ट बदलते. नवीन रिजीममध्ये आता १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य आहे, त्याचा पगार ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ७,६५,०००, निवेदनाचे दीड लाख झाले तरी सव्वानऊ लाखांच्या आत. ना खर्चाची भानगड, ना औषधांची बिलं, ना पाच लाखांची रेघ. त्यामुळे ओल्ड रिजीम जपून ठेवायचं कारणही जवळपास संपलंय आणि १०-आयईए ची भीती पण. दुसरीकडे आता त्याचं इन्स्टा पेज आहे, रेट ठरलाय, सीझनच्या तारखा आधीच बुक असतात, म्हणजे अदर सोर्सेस म्हणायला माझं मन होणार नाही, धंदा-व्यवसायातच घ्यावं लागेल. आयटीआर-३ मध्ये खरे जमा-खर्च लिहून का आयटीआर-४ मध्ये ४४एडी ने, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. त्याला ४४एडी पाहिजे कारण सोपं आहे. मी म्हटलं टॅक्स दोन्हीकडे शून्यच येतोय तर खरा नफा लिहायला काय जातंय, उद्या घरासाठी टॉप-अप लोन मागायला गेलास तर बँक रिटर्नमधला आकडाच बघणार, तिथे निवेदनाचं उत्पन्न नऊ हजार दिसलेलं बरं का सव्वा लाख? यावर तो विचार करून सांगतो म्हणाला.